अतितीव्र लेसर स्पंदांचा प्लाझ्मातील प्रवास : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
अतिशय तीव्र व अतिशय अल्पकालीन लेसर स्पंद प्लाझ्मातून कसा प्रवास करतो, या प्रश्नाचा १९६० ते २०२४ या कालखंडातील विकास प्रस्तुत शोधनिबंधात मांडला आहे. या क्षेत्राचा इतिहास सामान्यतः १९७९ ची एक कल्पना आणि १९८५ चे एक तंत्र अशा दोन टप्प्यांत सांगितला जातो. हे कथन अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. प्रकाशाचे स्वयंकेंद्रीकरण हा गुणधर्म प्रारंभी लेसर यंत्रणेची हानी करणारा दोष मानला जात होता. पुढे तोच स्पंदनिर्मितीचे व स्पंदाला वाट दाखविण्याचे साधन बनला. या परिवर्तनाची सैद्धान्तिक पूर्वतयारी अनेक देशांत, आणि त्यात भारतातही, झालेली होती. तिचे मूल्यमापन करताना तिच्या मर्यादांचाही विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : लेसर स्पंद, प्लाझ्मा, स्वयंकेंद्रीकरण, प्लाझ्मा तरंग, त्वरक, विज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना :
विज्ञानाचा इतिहास म्हणजे केवळ शोधांची कालानुक्रमणिका नव्हे. एखादी कल्पना कोणत्या परिस्थितीत जन्मास आली, ती किती काळ साधनाअभावी पडून राहिली आणि कोणत्या अनपेक्षित मार्गाने तिला साधन मिळाले, याचा शोध घेणे हे विज्ञानाच्या इतिहासकाराचे कार्य होय. या दृष्टीने पाहता लेसर आणि प्लाझ्मा यांच्या परस्परसंबंधाचा इतिहास विशेष बोधप्रद आहे.

प्लाझ्मा ही पदार्थाची चौथी अवस्था मानली जाते. वायूतील अणूंपासून इलेक्ट्रॉन वेगळे झाले असता मुक्त इलेक्ट्रॉन व धनभारित आयन यांचे जे मिश्रण तयार होते, त्यास प्लाझ्मा म्हणतात. मराठी परिभाषेत त्यासाठी 'आयनद्रायू' अशी संज्ञाही रूढ करण्यात आली आहे. 'प्लाझ्मा' हा शब्द या अर्थाने अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये योजला. १९२९ मध्ये त्यांनी ल्युई टाँक्स यांच्यासमवेत प्लाझ्मातील इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक आंदोलनांचे विवेचन केले. इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून ढळले की आयनांच्या आकर्षणामुळे ते मागे खेचले जातात, वेगामुळे पलीकडे जातात व पुन्हा परततात. या आंदोलनाची वारंवारता केवळ इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर अवलंबून असते. पुढील सर्व विवेचनाचा पाया हे आंदोलन आहे.

लेसरचे आगमन आणि स्वयंकेंद्रीकरणाचा शोध :
१६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील ह्यूजेस संशोधन प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर प्रकाश मिळविला. १९६२ मध्ये मॅक्‌क्लंग व हेलवर्थ यांनी 'क्यू-स्विचिंग' तंत्राने लेसरची साठलेली ऊर्जा अत्यल्प काळात बाहेर काढून दाखविली. अशा 'महास्पंदां'मुळे १९६३ मध्ये भिंगाच्या केंद्राशी हवेतच ठिणगी पडल्याचे दिसले. प्रकाशाने हवेचा प्लाझ्मा केला होता. १९६४ मध्ये जॉन डॉसन यांनी महास्पंद लेसरच्या साहाय्याने प्लाझ्मानिर्मितीचा सैद्धान्तिक विचार मांडला. डॉसन यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

याच काळात एक वेगळीच घटना प्रयोगशाळांतून लक्षात येऊ लागली. तीव्र लेसर पुंज काचेतून गेल्यावर काचेत लांब, बारीक तंतूसारखे ओरखडे उरत. हर्चर यांनी १९६४ मध्ये अशा हानीची नोंद केली. तिचे स्पष्टीकरण देणारी कल्पना त्यापूर्वीच सोव्हिएत शास्त्रज्ञ जी. ए. आस्कार्यान यांनी १९६२ मध्ये मांडलेली होती. प्रकाशाची तीव्रता पुरेशी असल्यास माध्यमाचा अपवर्तनांक प्रकाशामुळेच बदलतो. पुंजाच्या मध्यभागी तीव्रता अधिक असल्याने तेथे अपवर्तनांक अधिक वाढतो, मध्यभागातील तरंग मागे राहतो, कडेचा पुढे सरकतो आणि संपूर्ण पुंज आतल्या बाजूस वळतो. पुंज स्वतःच स्वतःसाठी भिंग तयार करतो. यालाच 'स्वयंकेंद्रीकरण' असे म्हणतात. १९६४ मध्ये चाओ, गारमायर व टाउन्स यांनी पुंज आपल्याच तयार केलेल्या मार्गात बंदिस्त होऊ शकतो, हे गणिताने दाखविले.

लेसर यंत्रणा उभारणाऱ्यांच्या दृष्टीने हा शोध शुभवार्ता नव्हता. स्पंदाची शक्ती वाढवावी, तर विवर्धकाचा स्फटिकच स्वयंकेंद्रीकरणामुळे फुटे. त्यावर एकच उपाय होता. पुंजाचा व्यास वाढवून तीव्रता कमी ठेवावयाची, म्हणजेच यंत्र अवाढव्य करावयाचे. हा उपाय खर्चिक होता व मोजक्या राष्ट्रीय प्रयोगशाळांनाच परवडणारा होता.

प्लाझ्मातील सिद्धान्त व भारतीय परंपरा :
काचेप्रमाणे प्लाझ्मातही स्वयंकेंद्रीकरण होते, परंतु त्याची कारणे निराळी आहेत. प्लाझ्माचा अपवर्तनांक एकापेक्षा कमी असतो आणि इलेक्ट्रॉनांची घनता वाढली की तो आणखी घटतो. तीव्र प्रकाश इलेक्ट्रॉनांना पुंजाच्या मध्यातून बाहेर ढकलतो. या बलास 'पाँडरोमोटिव्ह बल' म्हणतात. मध्यभागी इलेक्ट्रॉन विरळ झाल्याने तेथील अपवर्तनांक वाढतो. दुसरे कारण सापेक्षता सिद्धान्तात आहे. प्रकाशाच्या विद्युत्क्षेत्रात इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या जवळपास आंदोलित होऊ लागले की त्यांचे परिणामी वस्तुमान वाढते. जड झालेला इलेक्ट्रॉन क्षेत्राला कमी प्रतिसाद देतो, आणि याचाही परिणाम मध्यभागातील अपवर्तनांक वाढण्यातच होतो.

या दुसऱ्या कारणाची मुळे लेसरपूर्व काळात आहेत. सोव्हिएत संघातील आखिएझर व पोलोविन यांनी १९५६ मध्येच तीव्र तरंगांच्या प्लाझ्मातील गतीचा सापेक्षतेसह विचार केला होता. १९७० मध्ये प्रेद्हीमन कृष्ण काव व जॉन डॉसन यांनी असे दाखविले की, ज्या घन प्लाझ्मातून सामान्य प्रकाश परावर्तित होतो, त्यात अतितीव्र प्रकाश इलेक्ट्रॉनांच्या वाढलेल्या वस्तुमानामुळे शिरू शकतो. सोव्हिएत संघातील लितवाक यांनी त्याच सुमारास आणि मॅक्स, आरन्स व लँगडन यांनी १९७४ मध्ये प्लाझ्मातील सापेक्षतावादी स्वयंकेंद्रीकरणाचा सिद्धान्त विकसित केला.

काव यांनी १९६६ मध्ये आयआयटी दिल्ली येथून पीएच.डी. पदवी घेतली होती व ते पुढे गांधीनगर येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक झाले. आयआयटी दिल्ली येथे महेंद्रसिंह सोढा यांच्या नेतृत्वाखाली या विषयाची एक भारतीय परंपरा उभी राहिली. सोढा, अजय घटक व व्ही. के. त्रिपाठी यांचा पराविद्युत पदार्थ, प्लाझ्मा व अर्धवाहक यांमधील लेसर पुंजांच्या स्वयंकेंद्रीकरणावरील ग्रंथ १९७४ मध्ये भारतातच प्रसिद्ध झाला. आखमानोव्ह, सुखोरुकोव्ह व खोखलोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी विकसित केलेली, अक्षालगतच्या किरणांपुरता विचार करणारी गणिती पद्धत त्यांनी प्लाझ्मातील अनेक प्रश्नांना लावली. या पद्धतीत पुंजाच्या रुंदीसाठी एकच सामान्य विकलन समीकरण मिळते व ते साध्या संगणकावरही सोडविता येते. मोठी प्रयोगशाळा नसलेल्या विद्यापीठ विभागांना व महाविद्यालयीन शिक्षकांना हा विषय त्यामुळे खुला झाला. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील पदार्थविज्ञान विभागातूनही निरनिराळ्या आकारांच्या पुंजांच्या प्लाझ्मातील स्वयंकेंद्रीकरणावर सैद्धान्तिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत.

१९७९ : साधनाआधी आलेली कल्पना :
१९७९ मध्ये तोशिकी ताजिमा व जॉन डॉसन यांनी 'लेसर इलेक्ट्रॉन त्वरक' या विषयावरील आपला प्रसिद्ध शोधनिबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये मांडला. नाव पाणी कापीत पुढे जाते तेव्हा तिच्या मागे लाट उठते. त्याचप्रमाणे एक आखूड, तीव्र प्रकाशस्पंद प्लाझ्मातून जाताना इलेक्ट्रॉनांना बाजूस सारतो आणि त्याच्या मागे प्लाझ्मा तरंग उठतो. हा तरंग स्पंदाच्याच वेगाने, म्हणजे जवळजवळ प्रकाशवेगाने, धावतो. त्याच्यावर योग्य जागी आरूढ झालेला इलेक्ट्रॉन सतत पुढे ढकलला जातो. दर घन सेंटिमीटरला एकावर अठरा शून्ये इतके इलेक्ट्रॉन असलेल्या प्लाझ्मात आणि दर चौरस सेंटिमीटरला एकावर अठरा शून्ये इतके वॅट तीव्रतेच्या प्रकाशाने एका सेंटिमीटरमध्ये अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा मिळू शकेल, असा त्यांचा अंदाज होता.

या अंदाजाचे महत्त्व तुलनेने कळते. प्रचलित त्वरकांत धातूच्या पोकळ्यांमधून विद्युत्क्षेत्र निर्माण केले जाते. क्षेत्र फार वाढविल्यास पोकळीच्या पृष्ठभागावर विद्युत् ठिणग्या पडतात. म्हणून दर मीटरला सुमारे दहा कोटी व्होल्टच्या पलीकडे जाणे अवघड ठरते आणि ऊर्जा हवी असल्यास त्वरकाची लांबी वाढवावी लागते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील रेषीय त्वरक सुमारे ३ किलोमीटर लांबीचा आहे. प्लाझ्मा मात्र आधीच विद्युत् विच्छेदन झालेले माध्यम आहे. त्यात आणखी बिघडण्यासारखे काही उरलेले नसते, म्हणूनच ते हजारपट क्षेत्र पेलू शकते.

कल्पना तयार होती. स्पंद मात्र नव्हता. वर सांगितलेल्या घनतेस प्लाझ्मा तरंगाची लांबी सुमारे ३३ मायक्रॉन भरते. स्पंद त्याहून आखूड, म्हणजे काही दशक फेम्टोसेकंदांचा असावा लागतो. (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एका अब्जांशाचा दहा लाखावा भाग होय.) इतका आखूड आणि तरीही इतका शक्तिमान स्पंद देणारा लेसर त्या वेळी अस्तित्वात नव्हता. म्हणून संशोधकांनी आडवाट धरली. किंचित भिन्न तरंगलांबीचे दोन लांब स्पंद एकत्र केले असता त्यांचे 'ठोके' पडतात. ठोक्यांची वारंवारता प्लाझ्माच्या आंदोलनाशी जुळविली की तरंग हळूहळू मोठा होतो. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात चंद्रशेखर जोशी यांच्या गटाने कार्बन डायऑक्साइड लेसरने असा तरंग निर्माण झाल्याचे १९८५ मध्ये दाखविले. १९९३ मध्ये त्यांनी बाहेरून सोडलेल्या सुमारे २ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांना ९ दशलक्षांपर्यंत नेले आणि १९९४ मध्ये ही ऊर्जा एका सेंटिमीटरमध्ये २८ दशलक्षांपर्यंत पोहोचली. जोशी यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील वाई येथील. प्लाझ्मा भौतिकीतील कार्यासाठीचे मॅक्सवेल पारितोषिक त्यांना २००६ मध्ये मिळाले.

१९८५ : दोषातून निघालेले साधन :
त्याच १९८५ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड व जेरार मूरू यांनी स्पंद-विवर्धनाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. तिचे मूळ तत्त्व रडारच्या क्षेत्रात आधीपासून वापरात होते. स्पंद थेट विवर्धकात न सोडता प्रथम काळाच्या दृष्टीने ताणून लांब करावयाचा. त्यातील निरनिराळे रंग एकामागून एक येतील असे करावयाचे. ताणलेल्या स्पंदाची तीव्रता कमी असल्याने विवर्धकास इजा होत नाही. विवर्धन झाल्यावर विवर्तन जालकांच्या जोडीने सर्व रंग पुन्हा एकत्र आणून स्पंद आखडावयाचा. या प्रयोगात स्पंद ताणण्यासाठी १.४ किलोमीटर लांबीचा प्रकाशीय तंतू वापरला होता व अखेरीस सुमारे २ पिकोसेकंदांचे, मिलिज्यूल पातळीवरील ऊर्जेचे स्पंद मिळाले.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. या तंतूमध्ये स्पंदाचा वर्णपट रुंदावला तो प्रकाशाने बदललेल्या अपवर्तनांकामुळेच. ज्या परिणामापासून विवर्धकाला वाचवावयाचे होते, तोच परिणाम तंतूत कामास लावला गेला होता. पुढील पायरीही अशीच आहे. पीटर मोल्टन यांनी १९८२ मध्ये टायटेनियमयुक्त नीलमण्याचा लेसर दाखविला. १९९१ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात स्पेन्स, कीन व सिबेट यांनी त्या लेसरमधून ६० फेम्टोसेकंदांचे स्पंद मिळविले. लेसरच्या स्फटिकात तीव्र स्पंदाचे स्वयंकेंद्रीकरण होते व त्यामुळे त्याला सौम्य प्रकाशापेक्षा अधिक विवर्धन मिळते; मग लेसर आपोआप आखूड स्पंदच देत राहतो. काचेत ओरखडे पाडणारे स्वयंकेंद्रीकरण अशा प्रकारे अतिलघु स्पंदांचे जनक ठरले. २०१८ च्या नोबेल पारितोषिकात स्ट्रिकलंड व मूरू यांचा मिळून अर्धा वाटा होता. उर्वरित अर्धा आर्थर अॅश्किन यांना देण्यात आला.

प्लाझ्मातील वाटचालीचा प्रश्न :
स्पंद हाती आल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला. ०.८ मायक्रॉन तरंगलांबीचा पुंज १० मायक्रॉन त्रिज्येच्या ठिपक्यात एकवटला, तर विवर्तनामुळे तो अर्ध्या मिलिमीटरच्या आतच पसरू लागतो. त्वरणासाठी तर काही सेंटिमीटर अंतर हवे असते. येथे स्वयंकेंद्रीकरण उपयोगी पडेल, अशी अपेक्षा होती. त्यासाठी स्पंदाची शक्ती एका ठरावीक मर्यादेहून अधिक असावी लागते. दर घन सेंटिमीटरला एकावर एकोणीस शून्ये इतक्या इलेक्ट्रॉन-घनतेस व या तरंगलांबीस ही मर्यादा सुमारे ३ टेरावॅट येते.

तथापि, स्प्रँगल, एसारे व टिंग यांनी १९९० मध्ये एक महत्त्वाची मर्यादा दाखवून दिली. प्लाझ्माला प्रतिसाद देण्यास वेळ लागतो. स्पंद प्लाझ्मा तरंगापेक्षा आखूड असल्यास त्याच्या अग्रभागी अपवर्तनांक बदलण्याआधीच तो भाग पुढे निघून गेलेला असतो. म्हणून दीर्घ पुंजासाठी मिळविलेली सूत्रे अतिलघु स्पंदाला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. अग्रभाग पसरतो व झिजतो, मागील भाग मात्र पोकळीत बंदिस्त राहतो. या अडचणीवर दुसरा उपाय म्हणून वाटच आधी तयार करण्याचा विचार पुढे आला. डर्फी व मिल्चबर्ग यांनी १९९३ मध्ये मेरिलंड विद्यापीठात एका स्पंदाने मध्ये विरळ व कडेस दाट असा प्लाझ्मा-मार्ग तयार करून त्यातून दुसरा तीव्र स्पंद नेला.

२००४ आणि त्यानंतर :
१९९५ मध्ये ब्रिटनमधील रदरफर्ड अॅपलटन प्रयोगशाळेत प्लाझ्मा तरंग फुटून त्यातीलच इलेक्ट्रॉन ४४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत त्वरित झाले. परंतु त्यांची ऊर्जा एकसारखी नव्हती. पुखोव्ह व मेयर-टेर-फेन यांनी २००२ मध्ये संगणकीय प्रतिरूपणाद्वारे असे दाखविले की, पुरेसा तीव्र व आखूड स्पंद आपल्या मागे इलेक्ट्रॉनविरहित 'बुडबुडा' निर्माण करतो आणि त्यात जवळपास समान ऊर्जेचे इलेक्ट्रॉन मिळू शकतात. सप्टेंबर २००४ मध्ये 'नेचर' नियतकालिकाच्या एकाच अंकात ब्रिटन, फ्रान्स व अमेरिका येथील तीन स्वतंत्र गटांनी असे इलेक्ट्रॉन पुंज मिळाल्याचे जाहीर केले. त्यांची ऊर्जा सुमारे ७० ते १७० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट होती. तिघांपैकी अमेरिकेतील बर्कले गटाने आधी तयार केलेला प्लाझ्मा-मार्ग वापरला होता. अन्य दोन गटांत स्पंदाने आपली वाट आपणच काढली होती.

त्यानंतरची प्रगती वेगवान आहे. बर्कले येथे २००६ मध्ये ३.३ सेंटिमीटरमध्ये १ अब्ज, २०१४ मध्ये ९ सेंटिमीटरमध्ये ४.२ अब्ज, २०१९ मध्ये २० सेंटिमीटरमध्ये ७.८ अब्ज आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ३० सेंटिमीटरमध्ये ९.२ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळाली. २०२१ मध्ये शांघाय येथील गटाने अशा इलेक्ट्रॉनांपासून २७ नॅनोमीटर तरंगलांबीचा मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर प्रकाश मिळविला. तरीही दर सेकंदाला मिळणाऱ्या स्पंदांची संख्या, ऊर्जेतील एकसारखेपणा आणि एकापुढे एक अनेक टप्पे जोडणे हे प्रश्न पूर्णतः सुटलेले नाहीत. भारतात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र येथे अतितीव्र लघुस्पंद लेसर व प्लाझ्मा यांवर प्रायोगिक कार्य झाले आहे.

चर्चा :
वरील विवेचनावरून 'एक कल्पना आणि एक तंत्र' हे रूढ कथन अपुरे असल्याचे स्पष्ट होते. पारितोषिके व्यक्तींना दिली जातात आणि मग इतिहासही पारितोषिकांच्या आधारे लिहिला जाऊ लागतो. १९५६ ते १९७४ या काळात खारकोव्ह, मॉस्को, प्रिन्स्टन व दिल्ली येथे झालेले सैद्धान्तिक कार्य यामुळे पार्श्वभूमीत जाते. त्या कार्याशिवाय प्लाझ्मातील स्पंदाचे काय होईल, हे विचारण्याची भाषाच उपलब्ध झाली नसती.

मात्र आपल्या परंपरेचे स्मरण करताना अतिशयोक्ती टाळणेही तितकेच आवश्यक आहे. दिल्ली परंपरेने त्वरकाचा शोध लावला, असे म्हणता येणार नाही. शिवाय ज्या सोप्या पद्धतीमुळे हा विषय आपल्या विद्यापीठांना खुला झाला, तिच्या सोपेपणातच तिची मर्यादा आहे. ती अक्षालगतच्या भागापुरतीच विश्वसनीय असते व पुंजाचा आकार प्रवासभर तसाच राहतो, असे गृहीत धरते. पुंजाचा आकार किंवा घनतेचा उतार बदलून तेच समीकरण पुनःपुन्हा सोडविल्याने शोधनिबंधांची संख्या वाढते. परंतु १९९० मध्ये दाखविली गेलेली काळाची मर्यादा विचारात न घेता ती सूत्रे फेम्टोसेकंद स्पंदांना लावल्यास निष्कर्षांचा प्रयोगाशी संबंध उरत नाही. पूर्वसूरींचा खरा आदर त्यांची समीकरणे कोठे थांबतात, हे ओळखण्यात आहे. त्यांनीही आपल्या काळातील प्रश्नांसाठी उपलब्ध पद्धत तपासून, पारखून घेतली होती.

निष्कर्ष :
१. स्वयंकेंद्रीकरण हा गुणधर्म १९६० च्या दशकात लेसर यंत्रणेतील दोष मानला गेला. १९८५ ते २००४ या काळात तोच स्पंदनिर्मितीचे व स्पंदमार्गदर्शनाचे साधन बनला.
२. १९७९ ची कल्पना साधनाअभावी निष्क्रिय राहिली नाही. ठोक्यांच्या पद्धतीसारख्या पर्यायी मार्गांनी ती जिवंत ठेवली गेली, म्हणूनच नवे लेसर उपलब्ध होताच तिचा उपयोग करणारे प्रशिक्षित गट तयार होते.
३. लेसरचे तंत्र त्वरकाच्या गरजेतून नव्हे, तर विवर्धकाच्या संरक्षणाच्या गरजेतून विकसित झाले. मूलभूत संशोधनाची उपयुक्तता आगाऊ ठरविता येत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.
४. भारतीय सैद्धान्तिक परंपरेचे स्थान या इतिहासात निश्चित आहे. ते टिकवावयाचे असल्यास महाविद्यालयीन व विद्यापीठीय स्तरावरील संशोधनाने पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट नोंदवून कालावलंबी प्रतिरूपण व देशातील प्रयोगशाळांशी सहकार्य यांकडे वळणे आवश्यक आहे.